मागचं उजवं चाक

सोमवार, १७ मार्च
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. मीही बरी आहे, वजन तेवढं दोन किलोनं वाढलंय. 'पत्रास कारण की' एवढं लिहून पंधरा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी ते खोडलं. साध्या गप्पांनीच सुरुवात करते. दोन वर्षांनी लिहितेय, हात बसेपर्यंत जरा कळ काढ.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या खोलीत बसलेय. सकाळपासून तीन जणांना झोपवलं आणि तिघांनाही उठवलं. पुढचं ऑपरेशन चार वाजता. "भूल देणाऱ्या बाई सुट्टीत शर्यतीत गाडी पळवतात, हे पेशंटच्या कानावर जाऊ देऊ नका," असं आमचे सर्जन नर्सना बजावत असतात.

हो, गाडी अजून आहे. तू बांधलेली, तीच. शुक्रवारी तिला ट्रॅकवर घेऊन गेले होते. शुक्रवारी सराव, शनिवारी वेळ लावून फेऱ्या, रविवारी शर्यत. तुला काय सांगायचं!

सकाळी धुकं होतं. समोरची गाडी दिसायची नाही, नुसता तिचा लाल दिवा पुढे पुढे तरंगत जायचा. तीन फेऱ्या झक्क झाल्या. चौथ्या फेरीत उतारावरून त्या लांब डाव्या वळणात शिरले आणि इंजिन गेलं. खोकलं नाही की धक्का दिला नाही. माझे पेशंट बोलता बोलता अर्ध्या शब्दावर झोपतात ना, तसं गेलं. मग नुसता वारा आणि टायरांची सळसळ. एवढ्या वेगात आवाजाशिवाय जाणं म्हणजे स्वप्नात जमिनीपासून वीतभर वर तरंगण्यासारखं असतं बघ. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुठेतरी पोचण्याची जबाबदारीच कुणीतरी अलगद काढून घेतली असं वाटलं.

गाडी गवतात जाऊन थांबली ती नेमकी झेंडेवाल्याच्या चौकीसमोर. वळणावर उभा राहून धोक्याचा पिवळा झेंडा दाखवणारा तो, तुला चांगलाच माहीत असलेला. ओढून नेणारा ट्रक येईपर्यंत आम्ही दोघं बांधावर बसलो. थर्मासच्या झाकणात त्यानं मला चहा दिला.

"दादा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं. मला काय माहीत!

"आठवण काढली म्हणून सांगा. माझा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा अकरा दिवस रोज यायचे. दाढी करून द्यायचे माझी. काय हलका हात हो त्यांचा! मग खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. पण झोपेतही बोटं फिरत असायची, अशी, काहीतरी आवळत असल्यासारखी. आणि पुटपुटायचे, एक, दोन, तीन, चार."

हे मला कधी कळलंच नव्हतं. तू सांगणार तरी कधी म्हणा.

ट्रकनं गाडी पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागेवर, आणून सोडली. बटण दाबलं, तर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. साळसूद! जसं काही घडलंच नाही.

शेजारच्या पिटमध्ये नेहमीप्रमाणे बेकरीवाले होते. निळी गाडी, पोट स्टिअरिंगला टेकतं तेच. सोबत हातात घड्याळ घेऊन त्यांची बायको. शनिवारी सकाळपासून ते माझ्याच गाडीच्या कामाला लागले. पंप बदलला, वायरी बघितल्या, प्लग नवे घातले. दर वेळी तेच, तीन फेऱ्या छान, चौथीला वळणात झोप, आणि दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा ताजीतवानी.

"ही गाडी नव्हे, माझी सासू आहे," बेकरीवाले कपाळ पुसत म्हणाले. "डॉक्टर दारात आला की ठणठणीत."

"सासू म्हणजे माझी आई. जरा जपून," बायकोनं घड्याळावरची नजर न काढता सुनावलं.

अशात वेळ लावायच्या फेऱ्या हुकल्या. म्हणजे रविवारी सगळ्यांच्या मागून सुटायचं. दुपारी शेवटचा उपाय म्हणून टाकी उघडली आणि आत हात घातला. मूठभर पिवळा चुरा हाताला लागला. वळणावर पेट्रोल हिंदकळू नये म्हणून तू टाकीत स्पंज भरला होतास ना, तो पार कुजून गेला होता. गाडी पळाली की चुरा नळीच्या जाळीवर जाऊन बसायचा, पेट्रोल अडायचं. गाडी थांबली की सुटून खाली जायचा. किती साधं!

"हा तर माझ्याकडचा शिळा पाव," बेकरीवाले म्हणाले.

एवढ्यात ट्रॅकचे तपासनीस येऊन डोकावले. "कोणी बसवला होता हा?"

"दादानं," मी म्हटलं.

"दादानं!" ते हसले. "आधी चाक, आता टाकी. बाई, तुमच्या भावाची कर्तबगारी हळूहळू बाहेर येतेय."

सगळे हसले. दादा, मीही हसले.

टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात स्पंज बदलायची तारीख रंगवलेली होती. दीड वर्षापूर्वीची, म्हणजे तू नसतानाची. मी ती वाचली आणि झाकण पालथं घालून ठेवलं.

मला बोलावतायत. उरलेलं उद्या लिहिते.


मंगळवार, १८ मार्च
सकाळ

काल मला कुणी बोलावलं नव्हतं. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.

आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, म्हणून एका दमात.

दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी तू चारही चाकं आवळलीस. एकेक नट मोजून, तुझ्या पद्धतीनं. मग चहा आणायला गेलास. मला मागच्या उजव्या ब्रेकचा जळका वास आल्यासारखं वाटलं. मी चाक काढलं. ब्रेकला काही झालं नव्हतं. चाक परत चढवलं, चारही नट हातानं फिरवले, आणि पाना घ्यायला वळले तेवढ्यात ट्रॅकवर निघायचा भोंगा झाला. मी हेल्मेट चढवलं आणि गेले. तू चहा घेऊन परतलास तेव्हा मी ट्रॅकवर होते.

दुसऱ्या फेरीत गाडी मागून खचली आणि माझंच चाक मला ओलांडून पुढे गेलं. किती सावकाश गेलं म्हणून सांगू! हलकेच उड्या मारत, मजेत, शाळा सुटल्यासारखं. मी ते बघत होते आणि बघता बघता मला पाना आठवला, जमिनीवर पडलेला. मग चाक बांध चढलं आणि झेंडेवाल्याच्या खांद्यावर आदळलं.

तपासनिसांनी विचारलं, "चाकं शेवटची कोणी आवळली?" तू म्हणालास, "मी." आणि माझ्याकडे बघितलंस. संशयानं नाही, मी ठीक आहे ना एवढंच बघायला. तेव्हा मी काय म्हणाले ते तुला आठवतंय. तरी लिहिते, कारण ते माझ्या हातानं लिहिलं जायला हवं. "एवढंसुद्धा नीट जमलं नाही का रे तुला?" सगळ्यांदेखत म्हणाले.

त्यांनी तुझा पिटमध्ये यायचा बिल्ला काढून घेतला. तू हातातला पाना ठेवून चालू लागलास. माझं शर्यतीचं लायसन्स जाईल या भीतीनं मी त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कालच्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून गप्प बसले. पुढे तीच सवय झाली.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, तुला न सांगता केला होता. म्हणाली, "त्यांनी सगळी हत्यारं देऊन टाकली. घरातला नळ गळायला लागला तर शेजाऱ्याला बोलावतात. परवा साधा चष्म्याचा स्क्रू आवळायला दुकानात गेले. मी विचारलं तर म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा नाही." मी फोन ठेवला आणि ऑपरेशनला गेले.

आता रविवार. बेकरीवाल्यांच्या ट्रकात नवा स्पंज होता. त्यांनी तो पाव कापायच्या लांब सुरीनं मापात कापून दिला, मी बसवला. शर्यत दुपारची होती. खरं तर तपासनिसांना आधीच जाऊन सांगायला हवं होतं, तेच शोभलं असतं. पण मला ती गाडी एकदा, धडधाकट, शेवटपर्यंत चालवायची होती. एवढी मी अजूनही स्वार्थी आहे.

बाविसावी सुटले. ऊन तापलं होतं, पुढच्या गाड्या पाण्याखालून दिसाव्यात तशा हलत होत्या. चौथ्या फेरीला वळणात शिरताना मी श्वास धरून त्या शांततेची वाट बघत होते. ती आली नाही. इंजिन गातच राहिलं. पाचवी, सहावी, मग मोजणं सुटलं. हात, पाय, रस्ता हे सगळं एकच काहीतरी झालं होतं, आणि ते सगळं तू नऊ वर्षांपूर्वी अंगणात बसून जुळवलेलं होतं. अकरावी आले. शेवटच्या फेरीत झेंडेवाल्यानं डाव्या हातानं झेंडा उंच करून मला सलाम केला. उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जात नाही.

अंगावरचे कपडेही न बदलता तपासनिसांच्या खोलीत गेले.

"ते चाक मी काढलं होतं," मी म्हटलं. "दादानं आवळल्यानंतर. परत आवळलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे आत्ता सांगताय? दोन वर्षांनी?"

"हो."

"लिहून द्याल?"

"त्यासाठीच आलेय."

मी लिहीत असताना ते खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मग म्हणाले, "आणि काल मी काय बोललो! तुम्ही हसलात सुद्धा." लायसन्स एका वर्षासाठी गेलंय, पुढचं समिती ठरवेल. बेकरीवाल्यांनी ऐकलं आणि माझी गाडी ट्रकवर चढवायला हात लावला. त्यांची बायको मात्र माझ्याशी बोलली नाही.

झेंडेवाल्याकडेही गेले. तो झेंडे गुंडाळत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाक कुणाचं का असेना, हाड जुळलं. पण तो माणूस माझ्या उशाशी बसून रडलाय, बाई. मला काय सांगता? त्यांना सांगा." मग तो पुन्हा झेंडे गुंडाळायला लागला. मी निघाले तेव्हा त्यानं वर बघितलं नाही.

सोबत माझ्या जबाबाची प्रत आहे, सहीशिक्क्यासह. आणि तुझा बिल्ला. तपासनिसांनी तो कपाटातून काढून रुमालानं पुसून दिला. "त्यांना म्हणावं, फाटक उघडं आहे," एवढंच म्हणाले. तू जावंस म्हणून पाठवत नाहीये. तुझी वस्तू आहे, तुझ्याकडे असावी.

मी माफी मागणार होते. दोन्ही दिवस ते वाक्य जमवत होते, प्रत्येक वेळी त्यात माझंच रडगाणं यायला लागलं. म्हणून राहू दे. वाटलं तर फोन कर, नाही वाटलं तर नको करूस. तू बोलावल्याशिवाय मी दारात येणार नाही.

फक्त एक गोष्ट तुला कुणीच सांगितली नसेल, कारण तू तोवर निघून गेला होतास. त्या दिवशी मोडकी गाडी ट्रकवर चढवण्याआधी उरलेली तीन चाकं काढायची होती. ट्रॅकवरच्या दोन दांडग्या माणसांना तुझे नट सुटेनात. शेवटी पान्याला लांब पाईप जोडला, दोघं त्यावर लोंबकळले, तेव्हा कुठे एकेक नट कुरकुरत हलला. बाराच्या बारा. मी जवळ उभी राहून बघत होते.

वहिनीला नमस्कार.

तुझी म्हणायचं की नाही ते तू ठरव,
धाकटी