येतानाची बाजू

११ फेब्रु. २००४, बुध.
सकाळी मढकडचा धोंडू आला. धरणात जाळी टाकतो, मागच्या वर्षी त्याची होडी मी रंगवली होती. मला वाटलं, बाजाराला आला असेल, म्हणून डोकावला. त्याने पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली, सावकाश उलगडली. आत रंगाचा पापुद्रा, तळहाताएवढा. त्यावर माझीच सही. सोपान पेंटर, मंचर.
म्हणाला, "तुमचं नाव पान्यात पडत व्हतं भाऊ. म्हनून आनलं."
भांडला असता तर बरं झालं असतं. अठ्ठावीस वर्षं हायवेवरचे ट्रक रंगवतोय, रंग परत घेऊन कोणी आलं नव्हतं. पापुद्रा उलटा करून पाहिला. पाठ स्वच्छ. म्हणजे रंगाने पत्र्याला धरलंच नव्हतं, नुसता पांघरुणासारखा पडून होता. धोंडू दोन कप चहा प्याला. माझा तसाच निवला.

१२ फेब्रु.
चूक कळली. होडी अ‍ॅल्युमिनियमची. मी तिला लोखंडासारखी वागवली. सोड्याने धुतली, लाल ऑक्साइडचं अस्तर मारलं, वर दोन हात इनॅमल. ट्रकला हेच करतो.
सौ.ला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "जर्मनच्या पातेल्याला सोडा लावला की ते काळं पडतंय, हे मला लग्नाआधीपासनं म्हाईत हाय. इचारायचं व्हतं." आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनचीच म्हणतात. सौ. ती चिंचेने घासते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

१५ फेब्रु., रवि.
जावई आले. भोसरीला बसच्या बॉड्या बांधतात तिथे रंगखात्यात आहेत. म्हणाले, मामा, आता इनॅमल सोडा, टू-पॅक घ्या. रंगात हार्डनर मिसळायचा, तीन-चार तासांत संपवायचा, नाहीतर डब्यातच दगड होतो. खाली अ‍ॅल्युमिनियमचा पिवळा प्रायमर, तो वेगळाच येतो. मी म्हटलं, रंग हाताने टिकतो, रसायनाने नाही. ते हसले. पापुद्रा समोरच फळीवर होता.

२२ फेब्रु., रवि.
मढला जाऊन आलो. आता लिहितोय तरी डोळ्यापुढून हलत नाही.
मागच्या वर्षी होडी टेंपोत घालून माझ्याकडे आली होती. पाणी मी पाहिलंच नव्हतं. मंचरचा माणूस, पाणी म्हणजे विहीर नाहीतर कालवा. तिथे वळणावरून खाली पाहिलं आणि पाय थांबले. डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणी. माझ्याकडे शेडकार्ड होतं. त्यातला एकही रंग त्या पाण्याला लागेना, आणि जो जवळ वाटला तो ढग सरकताच बदलला. इतकी वर्षं रंगात हात आहेत, आणि रंग काय ते आज पाहिलं.
धोंडूचं घर वर टेकाडाला. बायको पारूबाई. धोंडू दुपारी मावळतीकडे जाळी टाकायला जातो, दिवस कलताना परत फिरतो, आणि ही अंगणात उभी राहून बघते. रोज. तीन वर्षांमागे वारा सुटला, त्याची जुनी लाकडी होडी कलंडली. ती डांबर फासलेली, काळीकुट्ट, म्हणून हिला वरून दिसली. हिने हाका मारून पलीकडची माणसं गोळा केली, त्यांनी त्याला ओढून काढलं.
आणि नव्या होडीला मी हौसेने पांढरा रंग दिला, वर निळा पट्टा. विचारलं, दिसायची का? तिने आधी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "उन्हात पानीच पांढरं व्हतं भाऊ. तुमी लई मन लावून रंगवली, कसं सांगायचं?"
म्हणजे रंग धरला असता तरी चुकलाच होता. एवढी लाज सहीचा तुकडा पाहूनही वाटली नव्हती.

२९ फेब्रु., रवि.
परत मढ. डब्यांची सहा झाकणं सहा रंगांत रंगवून नेली. धोंडू होडी घेऊन आत गेला, दिवस कलल्यावर एकेक झाकण उंच धरलं. मी आणि पारूबाई अंगणात. पिवळं पाण्याच्या चमकेत विरघळलं. हिरवं डोंगराच्या सावलीत गेलं. तांबडं मला दिसलं, ती म्हणाली, काळं दिसतंय, बुंध्यावानी, बुंधे तर पाण्यात रोजच वाहतात. मग ती म्हणाली, "ह्यो. ह्यो ऱ्हाऊ द्या." भगवं नव्हे, केशरी नव्हे, त्यांच्या मधलं, पिकल्या तोंडल्याच्या जवळचं. मी जास्तीचं म्हणून नेलं होतं. मला तर ठिपकाही दिसत नव्हता. धोंडूने आणखी दोन वेळा क्रम बदलून झाकणं धरली, तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. शिकलेल्या डोळ्यांचा मी, आणि खरे डोळे तिचे.

३ मार्च
सौ.ची तीन जुनी पातेली घेतली. पहिलं सोडा आणि ऑक्साइडवालं. दुसरं चिंचेने घासून, पिवळा प्रायमर, वर इनॅमल. तिसऱ्याला तसाच प्रायमर, वर जावयांचं टू-पॅक. दोरीला बांधून विहिरीत सोडली. शेजारी विचारतात, पेंटर, पाण्याला फोडणी देताय का? देतोय म्हटलं.

२१ मार्च, रवि.
पातेली वर काढली. ब्लेडने चौकड्या पाडल्या, चिकटपट्टी दाबून लावली, खस्सकन ओढली. पहिल्याचा रंग सगळा पट्टीवर आला. दुसऱ्याचा एक कण हलला नाही, तिसऱ्याचाही नाही. पट्टी उन्हात धरून पाहिली, कोरी. इतका आनंद झाला की सौ.ला विहिरीवर बोलावलं. ती म्हणाली, चिंच कोणाची?
पण पुढचं कसं कळणार? एक पावसाळा, दोन, पाच. विहीर काय, गरीब पाणी. तिथे लाटा आहेत, जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या गोळ्या आहेत, ऊन आहे.

१० एप्रिल, शनि.
मुक्काम मढ. होडी झाडाखाली ओढून उलटी घातली. सगळा जुना रंग खरवडला. पाटीभर चिंच कोळून, काथ्याने, मी आणि धोंडू दुपारपर्यंत घासत होतो. मग पाणी ओतलं आणि मागे सरलो. उन्हाचा कवडसा होडीवर पडला आणि डोळे दिपले. ही असली वस्तू मी मागच्या वर्षी ऑक्साइडखाली गाडली होती. धोंडूही बघत राहिला. म्हणाला, "नवऱ्या मुलीवानी दिसतीया, नाय का."
तळ कोराच ठेवायचा ठरला, दगडावर ओढतात, तिथे कुठलाच रंग राहणार नाही. प्रायमर दोन्ही बाजूंना मारून झाला.
आता वरचा हात. मी ठरवून आलो होतो की एका बाजूला इनॅमल, दुसऱ्या बाजूला टू-पॅक, रंग तोच. दोन्हीकडे एकच लावलं आणि चुकलो तर पुन्हा सगळी होडी जाईल. पावसाळ्यानंतर कळेल कोण खरं.
संध्याकाळी पारूबाईला हे सांगितलं. ती सूप ठेवून अंगणाच्या कडेला आली. हाताने दाखवलं, इकडून जातात तवा उजवी बाजू आमच्या अंगाला, तिकडून येतात तवा डावी. मग म्हणाली,
"जाताना कशीबी दिसू द्या. जी चांगली आसंल ती डावीला लावा. येताना दिसाय पायजे."
एवढं बोलून पाखडायला गेली.
चांगली कुठली, हेच तर मला माहीत नाही.

११ एप्रिल, रवि.
पहाटेच उठून होडीपाशी बसलो. एकीकडे इनॅमल. त्याच्यावर घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. त्याचा ब्रश हातात आला की हात आपोआप चालतो. दुसरीकडे हे टू-पॅक, वासानेच डोकं धरतं, ब्रशला ओढ वेगळी, माझा हात त्यात नवशिका. माझ्या नावासाठी निवडायचं तर डावीला इनॅमल लावलं असतं. पण तिथे माझं नाव बघायला कोणी उभं राहत नाही.
पातेल्यांवर त्या दिवशी खिळाही ओढून पाहिला होता, ते आठवलं. इनॅमलवर ओरखडा पांढरा उमटला होता, टू-पॅकवर नुसती रेघ.
ऊन यायच्या आत डावी बाजू टू-पॅकने घेतली. हार्डनर मोजून, जावयांनी सांगितलं तस्सा. मग उजवी इनॅमलने. ब्रश खाली ठेवला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आपला जन्मभराचा रंग जाणाऱ्या बाजूला लावला.
सही केली नाही. धोंडूने विचारलं. म्हटलं, पावसाळा जाऊ दे.

१९ जुलै
धोंडूचा निरोप नाही. मंचरला चार दिवस रिपरिप. तिकडे काय असेल. सौ. म्हणाली, फोन करा. फोन कुठे करू, पाण्याला?

२४ ऑक्टो., रवि.
मढ. पारूबाईच्या अंगणात बसून लिहितोय. पिशवीत सहीसाठी दोन नंबरचा ब्रश आणि काळ्या रंगाची डबी आणली आहे.
धोंडू दुपारीच गेलाय, माझी गाडी उशिरा पोचली. होडी पाहायला मिळाली नाही. पारूबाईला विचारलं, रंग कसा आहे? म्हणाली, मी रोज बघते, मला बदललेला कळायचा नाही, तुमीच बघा. चहा दिला.
दिवस डोंगराला टेकला. पाणी सगळं वितळलेलं, बघवत नाही आणि नजर काढवत नाही. चौथ्यांदा बघतोय, तरी छाती भरून येते.
आत्ता ती म्हणाली, "आले."
मी उभा राहिलो. मला नुसती चमक दिसतेय. विचारलं, "रंग दिसतो का?"
"दिसतंय की."
रंग दिसतो की धोंडू दिसतो, हे विचारायला तोंड झालं नाही. ती आत गेली, चुलीवर भाकरीचा तवा ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे तिची काळजी मिटली. माझी नाही. होडी अजून लांब आहे, डावी बाजू इकडेच असणार. चष्मा पुसून पुन्हा बघतो.