शेवटच्या ओळीतलं नाव

२ एप्रिल १९७४
आज आणखी एक गाणं विकलं! दोन पायली ज्वारी. अमृतराव स्वतः आला. गाणं चालीवर म्हणून पाहिलं, खूश झाला. गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. रचतो मी, नाव त्याचं — 'अमृतराव म्हणे'. चौदा वर्षं झाली. त्याची पार्टी गावोगाव गाते, माझा आवाज फुटक्या घागरीचा. म्हणून गप बसलो. आयत्या बिळावर नागोबा!

पण आज जाताना म्हणाला, "भिवा, औंदा हिंगोलीला जयंतीत एक गाणं तुझ्या नावाचं. जबान दिली."

४ एप्रिल
जवळा बाजारच्या वाटेवर हळद काढणाऱ्या बाया माझं गाणं म्हणून राहिल्या होत्या. उन्हात उभा राहून सगळं ऐकलं. अंगावर काटा आला! न राहवून म्हणालो, माझं हाय हे. एक म्हातारी हसली. "काहून लबाड बोलतो बाबा? नाव तर अमृतरावाचं हाय त्याच्यात."

५ एप्रिल
गुरुजींनी पोरीला शाळेत विचारलं, बाप काय करतो? पोरगी म्हणाली, "काहीच न्हाई. घरी बसतो."

बायकोला सांगितलं. चांगुणा म्हणते, "नाव काय चाटायचंय? लेकराच्या पोटात ज्वारी जाऊन राहिली, ते पाहा."

खरं हाय तिचं. तेच तर टोचतं.

१० एप्रिल
झालं! असं गाणं पुन्हा हातून व्हायचं न्हाई. शेवट —
भिवाजी म्हणे, वळचणीला
आता न्हाई थांबायचं.
चांगुणा ज्वारी निवडायची थांबली. "हे चांगलं हाय," म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा!

१४ एप्रिल
हिंगोलीला जयंतीत पोरीला घेऊन पुढंच बसलो होतो. म्हटलं, ऐकू दे बापाचं नाव. अमृतराव काय गायला! माणसं उठून उभी राहिली. शेवटची ओळ आली — "अमृतराव म्हणे, वळचणीला…"

पोरगी माझ्याकडं पाहून राहिली.

मागून भेटला, गळ्यात हार. "जीभ घसरली रे भिवा. सवय. पुढच्या साली बराबर." मी हसलो. हसलो! लाज न्हाई मला. मनात म्हणालो, मर मेल्या.

१५ एप्रिल
गाण्यांची वही चुलीत घालत होतो. चांगुणानं हिसकावून घेतली. "मंग खायचं काय?"

१९ एप्रिल
एक ओळ न्हाई.

२१ एप्रिल
सकाळच्या एसटीनं जळबा आला, अमृतरावाचा ढोलकीवाला. रडून डोळे लाल. काल वारंगा फाट्यावर चहा पिता पिता अमृतरावाच्या छातीत कळ आली. बाकावरच गेला.

माझाच तळतळाट लागला वाटतं. मी मनातही तसं म्हणायला नको होतं.

जळबा म्हणाला, "परवा शोकसभा हाय. गाणं तूच दे. आता तुझं नाव टाक भिवाजी. कोण आडवतंय?"

२२ एप्रिल
लिहिलं. एका बैठकीत, रडत. चांगुणाला वाचून दाखवलं. तिनंही पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "आवं, शेवटाला काय म्हणलं तुमी? परत वाचा."

कागद पाहिला. अक्षर माझंच.

'अमृतराव म्हणे…'