एकशे बारा दिवस जमिनीवर

३ मार्च
आजही माझी वैमानिक बाई आली नाही. एकशे बारा दिवस! मोजणार नाही म्हणतो, तरी मोजतोच. हँगरात उभ्या म्हाताऱ्या विमानाला दुसरं काम काय?
मिस्त्रीने नाकावरचा पंखा हाताने फिरवला. तेल बसू नये म्हणून दर सोमवारी फिरवतो. आधी ओरडतो, ‘स्विच बंद?’ उत्तर वैमानिकाने द्यायचं. बाईची खुर्ची रिकामी, म्हणून स्वतःच बारीक आवाज काढून — ‘बंद!’ पूर्वी हसू यायचं. आज नाही आलं.

६ मार्च
एक नवा वैमानिक मिस्त्रीला म्हणाला, ‘या आजोबाला चार पंख कशाला?’
दोन तुझ्या डोक्यात घालायला!

१० मार्च
मिस्त्री फोनवर — ‘बाई, इंजिन गेलंय. सुरूच होत नाही. कशाला येता?’
खोटारडा! काल तूच माझे प्लग काढून जेवणाच्या डब्यात लपवलेस. ठणठणीत आहे मी! उडायचंय मला. तिच्याबरोबर. एकदाच. फार मागतोय का?

११ मार्च
मिस्त्रीच्या शर्टावर तेल गाळलं. मुद्दाम.

१९ मार्च
बाई आली! भिंत चाचपत आली. ‘राजा कुठाय रे?’ मी समोरच होतो, चार पावलांवर.
दिसत नाही तिला. आत्ता कळलं, मिस्त्री खोटं का बोलला.
तिने इंजिनाखाली बोट फिरवून वास घेतला. ‘तेल ताजं आहे. आणि इंजिन गेलं म्हणे!’ मिस्त्रीने जेवणाचा डबा पाठीमागे लपवला. ती म्हणाली, ‘उद्या सकाळी. तू पुढे बस, दिशा सांग.’
‘नुसतं धावपट्टीवर पळायचं हं, बाई. शपथ घ्या.’
‘घेतली.’
तिचा आवाज मी ओळखतो. ती उडणार. मिस्त्रीने डबा उघडून प्लग बाहेर काढले.

२० मार्च
नव्या वैमानिकाने पंखा धरला. ‘स्विच बंद?’
‘बंद!’ — तिचा आवाज! सगळे पंख शहारले.
पळालो. पंखांचं कापड ताणलं, शेपूट उचलली. वर उठायला तिने दांडी ओढली. मिस्त्री ओरडला, ‘बाई, शपथ!’ वारा मला वर घेत होता. अजून एक क्षण, बस्स.
पण उतरायची जमीन तिला दिसणार नव्हती. मी इंजिन बंद केलं.
पट्टीच्या टोकाला गवतात थांबलो. मग बाईने माझ्या कुशीवर थोपटलं. ‘खरं बोलत होतास, मिस्त्री. गेलंय इंजिन.’ नाक ओढलं. ‘सोमवारी येते. “बंद” म्हणायला कुणीतरी हवं ना.’