नवी संसद भरण्याआधी

झेयादादा,

मी इथं थायलंडात, महाचायला दिवसभर मासळी कापायची आणि तू तिथं म्यानमारात माझ्याच पैशानं इरावती नदीत जिवंत मासे सोडायचे! ज्योतिष्यानं देशाला वाईट काळ सांगितला, तर त्यावर हा उतारा? वर लिहितोस, "आता काळजी मिटली, छापयंत्राचे पैसे पाठव."

दादा, शिकलेला तू, वर्तमानपत्र काढणारा तू. मी चौथीतून पळालेला. पण परवा आमच्या खोलीत एक माणूस बायकापोरांसकट येऊन पडलाय. त्याचा मेव्हणा आपल्याकडं लष्करात आहे. मी चिडवलं, "एवढा मोठा मेव्हणा असून कोळंबी सोलायला आलास होय रे?" तो म्हणाला, "त्यानंच घालवलं. म्हणाला, नवी संसद भरायच्या आत देश सोड. ती भरणारच नाही." मग कुणी हसलं नाही.

मतं आपण दिली, माणसं आपली निवडून आली, तरी लष्कर परत सत्तेवर येणार असं मला वाटतं. आलं की आधी छापणाऱ्यांना उचलतील. वहिनीला आणि छोटीला घेऊन इकडं निघून ये, एवढंच म्हणायचं होतं. भांडायचं बळ आता माझ्यात नाही.

पण हे पत्र टाकत नाही. तुझ्या हाती पडलं तर तू पहिल्या पानावर छापशील आणि तो मेव्हणा जिवानिशी जाईल. फोनवर तर ऐकणारे बसलेलेच असतात. म्हणून नुसते पैसे धाडतोय, तुम्हा तिघांना इथवर यायला पुरतील एवढे. तू यंत्रच घेशील, ठाऊक आहे मला.

तुझा धाकटा,
न्यान

हुंडीवाल्याकडे दिले : चाळीस हजार बाट.