सही जुळेपर्यंत हातमोजे

ताई, तुम्ही हे ऑफिस सोडून इतकी वर्षं झाली, तरी लिनक्सच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज टाकायची वेळ आली की मी तुमचे लोकरीचे हातमोजे ड्रॉवरमधून काढतो. ओटावातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, ऑफिसच्या किचनमध्ये डबे गरम होत असताना तुम्ही ते माझ्यापुढे टाकले होते. चार बोटं एकत्र कोंबायचे, जाडजूड. मला वाटलं, थंडीसाठी. तुम्ही म्हणालात, "बाहेरच्यासाठी नाही रे बाबा. इन्स्टॉलची कमांड दिलीस की घाल. मशीनवर काय येणार, काय उडणार, सगळं वाचून होईपर्यंत काढायचे नाहीत. यात होकाराचं 'वाय' दाबता येत नाही." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

मग तो दिवस. एका क्लिनिकचा अपॉइंटमेंटचा सर्व्हर, बाहेरच्या कंपनीचं पॅकेज, आणि स्क्रीनवर एक ओळ: डिजिटल सही जुळत नाही. म्हणजे पॅकेज ज्यांच्या नावानं आलंय त्यांचंच आहे, याला पुरावा नाही. मॅनेजर तुमच्या खुर्चीमागे उभा आहे. "जस्ट स्किप द चेक," तो म्हणतो. तपासणी बंद करायला कमांडमध्ये एक शब्द वाढवला की झालं, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही हे त्याच आठवड्यात तोच ठरवणार आहे, आणि तुमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, त्यावर अडकली आहे, हेही. तुम्ही खुर्ची मागे सरकवता. "नो. आधी त्यांना कॉल करते," असं त्याला इंग्रजीत सांगून फोन उचलता.

दुपारी उलगडा झाला. कंपनीनं सही करायची किल्ली बदलली होती आणि कळवायचं राहून गेलं होतं. पॅकेज त्यांचंच होतं. तुम्ही नवी किल्ली पडताळून घेतलीत, मग ते टाकलंत. "सी? इट वॉज फाइन," मॅनेजर म्हणाला. तो गेल्यावर तुम्ही डब्याचं झाकण लावत मला म्हणालात, "फाइन होतं हे आत्ता कळलं. सकाळी कुठे माहीत होतं?"

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. तुम्ही कॅल्गरीला गेलात, पहिल्यापासून सुरुवात केलीत.

नोकरीबाहेर मी आजवर कितीतरी व्यासपीठांवरून सत्य आणि निर्भयता यांवर बोललो. कपाटं भरून वाचलं, टेबलं बडवली. पण शेवटी सगळं ठीक निघालं म्हणून डोळे मिटून हो म्हणणं बरोबर ठरत नाही, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. 'चालतंय ना, मग झालं' म्हणणाऱ्या साऱ्या जगासमोर तुम्ही एक खुर्ची मागे सरकवलीत. त्याहून मोठं भाषण मी ऐकलेलं नाही.

आज सकाळी तशीच ओळ माझ्या स्क्रीनवर आली, आणि ज्यांच्या हातात माझी बढती आहे ते मागे उभे होते. मी नाही म्हणालो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही "झालं का भाषण?" म्हणाला असतात. म्हणून एवढंच. सभेत माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो. आज 'नो' इतक्या हळू निघालं की पुन्हा म्हणावं लागलं. हात थरथरत होते. मोज्यांत होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत.