आवाज तुटतोय, आई

गुरुवार, ६ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातलं टेबल, खिडकीकडची बाजू

चिरंजीव टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. दारातून आत येताना तुला आता मान वाकवावी लागते, तरी पत्रावर टिल्लूच लिहिणार, सवय आहे. मी खुशाल आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या. शेजारणीने नेलेली मोठी कात्री अजून परत आलेली नाही आणि ती मला जिन्यात पाहिली की हल्ली फार गोड हसते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. गेल्या रविवारी दोन वाक्यं होतात न होतात तोच तुझ्याकडचं नेटवर्क गेलं. त्याच्या आधीच्या रविवारीही गेलं होतं. कागदाला नेटवर्क लागत नाही, म्हणून हा उद्योग.

आता बातमी. आधी खाली बस. मी विद्यापीठात जाते. कुणाला सोडायला किंवा आणायला नाही, शिकायला. 'संगणक नेटवर्कची मूलतत्त्वे', संध्याकाळचा वर्ग. वयाची अट नव्हती, आणि अर्ज घेणाऱ्या बाईंनी "विद्यार्थ्याचं नाव?" विचारल्यावर मी माझंच सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. तुला आधी कळवलं नाही, कारण तू "या वयात कशाला?" म्हणाला असतास आणि मग मी चिडले असते. कारण काय म्हणशील तर वेळ जात नव्हता. शाळेतलं शिवण शिकवणं संपल्यापासून घरातला एकही पडदा उसवायचा राहिलेला नाही.

आमचे सर तुझ्याहून लहान असावेत. पहिल्या दिवशी ते मला "मॅडम" म्हणाले, दुसऱ्या दिवशी "काकू", आणि आता नुसतं "अहो, त्याला हात नका लावू" म्हणतात. त्यामागे एक प्रकरण आहे, तेही सांगते, कारण विभागातल्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक कपाट आहे. त्यात स्विच नावाची चपटी पेटी. सगळ्या संगणकांच्या तारा तिच्यात येतात आणि एकाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवायचं काम ती करते. तर त्या पेटीतून एक निळी तार निघाली होती आणि तिचं दुसरं टोक खाली लोंबत होतं. जन्मभर मुलींच्या फ्रॉकचे लोंबते धागे टाचले मी, हात शिवशिवले. बाजूला एक रिकामं भोक दिसलं, दिलं टोक त्यात खोचून. कसं नीटनेटकं दिसायला लागलं!

पुढे काय झालं ते सरांनी नंतर फळ्यावर काढून समजावलं. कुठलाही संगणक अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाक मारतो. पेटी ती हाक प्रत्येक भोकातून बाहेर पाठवते. माझ्या तारेची दोन्ही टोकं त्याच पेटीत असल्याने बाहेर गेलेली हाक फिरून आत आली, पेटीने ती पुन्हा सगळ्यांना ऐकवली, ती पुन्हा फिरून आली. बघता बघता त्या एका हाकेचा असा गोंगाट झाला की कामाचं बोलायला कुणाला वावच उरला नाही. अख्ख्या इमारतीचं नेटवर्क आडवं झालं. ग्रंथालयात पुस्तकं मिळेनात, कार्यालयात काही छापलं जाईना, विभागप्रमुख स्वतः जिना चढून आले. सर घामाघूम होऊन एकेक संगणक तपासत होते आणि मी त्यांना म्हणत होते, "सर, निदान कपाट तरी आता आवरलेलं आहे."

सरांनी कपाळाला हात लावला. माझ्या शेजारी बसणारी हेडफोनवाली मुलगी इतकी हसली की तिचे हेडफोन गळ्यात आले. तेव्हापासून आमची गट्टी आहे. मी तिच्या बॅगेची चेन बसवून दिली, ती मला संगणकांचे पत्ते आणि संदेशांचे मार्ग समजावते.

बाकी अभ्यास आवडतो मला. विशेषतः बिघाड शोधायची रीत. सर म्हणतात, नेटवर्कचे थर असतात, बिघाड झाला की खालून सुरुवात करायची. आधी तार खोचलेली आहे का पाहा, मग पेटीचे दिवे, मग पत्ता, मग मार्ग, असं करत वर. एकदम वरच्या थरावर उडी मारून दोष द्यायचा नाही. चांगली सवय आहे ही, संसारातही लोकांनी लावून घ्यावी.

म्हणून मी घरी तेच केलं. फोनचा चार्ज पाहिला. घरातल्या पेटीचे दिवे पाहिले, सगळे हिरवे. हेडफोनवालीला घरी बोलावलं, तिने मला तुझ्या शहरापर्यंत संदेश पाठवून त्याची पोच कशी बघायची ते शिकवलं. पाठवलेला प्रत्येक संदेश पोचला आणि प्रत्येकाची पोच आली.

खरं सांगते, वेळ जात नव्हता हे काही खरं कारण नव्हतं. तू फोन केलास की दर वेळी नेटवर्क जायचं. मला वाटलं, एवढं काय ते जातं, शिकून घेऊ, इकडून काही दुरुस्त करता आलं तर करू. त्यासाठी मी या वयात वर्गात बाकावर बसले.

आणि गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू भांडी घासत होतास. मी विचारलं, "जेवलास का?" तू म्हणालास, "हो." मी म्हटलं, "बरं." मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तू म्हणालास, "आ... ई... आवाज... तुटतो..."

टिल्लू, तुझा आवाज तुटत होता, पण तुझ्या मागचा नळ अखंड वाहत होता.

तो आणि तू एकाच फोनमधून येत होतात रे. दोन महिन्यांपूर्वी हे माझ्या लक्षात आलं नसतं. शिक्षणाचा हा तोटा.

मी रागावलेले नाही. म्हणजे सोमवारी रागावले होते, दोन उशांचे अभ्रे विनाकारण उसवले. मग विचार केला. तुझे बाबा होते तोवर आपण दोघं एकमेकांशी थेट कधी बोललो? मी म्हणायचे, "त्याला विचारा, स्वेटर नेला का." तू म्हणायचास, "आईला सांगा, नेला." ते मध्ये बसून इकडचं तिकडे करायचे आणि वर स्वतःचे दोन विनोद घालायचे. ते गेले आणि आपल्या दोघांच्या हातात नुसता फोन राहिला. तुला काय बोलावं सुचत नाही, मलाही नाही, ती शांतता तुला सोसत नाही आणि तू नेटवर्क घालवतोस. मला ते कळतं. पण एक दिवस तू रविवारचा फोनही करणार नाहीस, याची मला फार भीती वाटते. त्या भीतीने मी फोन उशाशी घेऊन झोपते.

परवा प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मध्ये पेटी न ठेवता दोन संगणक थेट जोडायचे होते. मी आठही तारा रंगांच्या क्रमाने ओवून इतकी देखणी केबल केली की सरांनी सगळ्यांना दाखवली. जोडली, तर दिवाच लागेना. सर म्हणाले, "काकू, दोन्हीकडे क्रम एकच ठेवलात. दोघंही एकाच तारेवर बोलतायत आणि एकाच तारेवर ऐकतायत. मध्ये पेटी असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. थेट जोडायचं तर एका टोकाला तारांची अदलाबदल करावी लागते, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जाऊन मिळतं. नवे संगणक आपले आपण जुळवून घेतात, म्हाताऱ्यांना जमत नाही." आणि माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.

मी एक टोक कापलं, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या जागा बदलल्या, पुन्हा जोडलं. दिवा लागला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आलं. हेडफोनवालीला वाटलं, पास झाले म्हणून. मीही तसंच सांगितलं.

तर येत्या रविवारी फोन कर. मी "जेवलास का" विचारणार नाही. या वेळी माझ्या बाजूचं टोक मी बदलते. तू बोल, मी ऐकते. आणि काहीच सुचलं नाही, तर नेटवर्क घालवू नकोस. फोन तसाच ओट्यावर ठेव आणि भांडी घास. मी इकडे नळ ऐकत बसेन.

लाइनवरच असलेली,
तुझी आई

ता. क. नळ फक्त रविवारपुरता चालू ठेव. एरवी भांडी घासताना बंद करत जा, किती पाणी वाया घालवतोस.