नावेतले दगड

शहागड,
शुक्रवार

प्रिय इंदे,

आबा उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडं येऊन राह्यलेत, हे तुला फोनवर कळलंच आहे. त्यांच्या पिशवीत कारळाच्या चटणीचा डबा आहे, तो तुझ्या वहिनीनं, शिवकन्येनं, तुझ्यासाठी दिलाय. त्या डब्याच्या खाली हे पत्र आहे. काय झालंय ते कळायच्या आधी ती म्हणाली होती, भावाबहिणीत कागद कशाला, फोन लावा की. लावला होता. मागच्या आठवड्यात दोनदा लावला आणि दोन्ही वेळा पोरांची शाळा, दाजींची पाठ आणि कापसाचा भाव विचारून ठेवून दिला. हॉटेलात दिवसभर गिऱ्हाइकांचं डोकं खाणारा माणूस एवढ्यात कसा आटपला, असं तुला वाटलं असेल. तोंडानं बोलायला गेलो की मी विषय बदलतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. कागदावर ती सोय न्हाई.

आबा रोज संध्याकाळी तुला फोन करून नावेचं सांगायचे, म्हणून तिचं सगळं तुला माहीत आहे असं तू धरून चालली असशील. पण तू ऐकलंस, बघितलं मी. माय गेल्यावर आबांनी हत्याराला हात लावला नव्हता. गाड्यांसाठी जमवलेलं सागवान आणि बाभूळ शेडखाली पडून होतं, आणि बैलगाडी आता कोण करून घेतो? मी म्हणालो, फर्निचरवाल्याला देऊन टाकू, जागा मोकळी होईल. मंग दिवाळी झाल्यावर एका सकाळी अंगणात रंधा ओढत बसलेले दिसले. काय करून राह्यलात, विचारलं, तर म्हणाले, नाव. बंधारा झाल्यापासून नदीला बारा महिने पाणी आहे आणि आपल्या दारात एक होडी न्हाई, हे काय बराबर दिसतं का, म्हणे. धनगराच्या घरात जन्मलेला, जन्मभर गाड्या केलेला माणूस, पोहायलासुद्धा येत न्हाई, आणि नाव करायला बसला.

केली मात्र मन लावून. उकळतं पाणी ओतून, गोणपाटात गुंडाळून फळ्या वाकवल्या. दोन मोडल्या, त्यांचे बसायचे पाट केले. आपल्याच रानातला कापूस पिंजून त्याच्या वाती वळल्या, त्या फटींत ठोकल्या आणि वरून डांबर. अक्षता कॉलेजातून आली की दप्तर टाकून त्यांच्यासोबत फळीवर रेघ मारायचं सूत धरायला बसायची. आजोबा-नातीच्या गप्पा आणि भांडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू यायची. माय गेल्यापासून त्यांना जेवायला चार-चार हाका माराव्या लागायच्या, आता तेच स्वैपाकघराच्या दारात येऊन भूक लागली म्हणून ओरडायचे. शिवकन्या मला म्हणाली, आबा माणसात आले हो. आले होते, इंदे. मी पण बघत होतो, न्हाई असं न्हाई.

पण मी बसतो हायवेला. तिथं माझं नाव कॅप्टन पडलं. ट्रकवाले लांबूनच ओरडायचे, कॅप्टन, दोन चाय, जल्दी, जहाज सुटायची वेळ झाली. मी हसून घ्यायचो. धंद्याच्या माणसाला हसावंच लागतं. रात्री गल्ला बंद करताना मात्र तोंड कडू व्हायचं, आणि घरी येऊन मी शिवकन्येवर खेकसायचो, आबांवर न्हाई.

महिन्याभरापूर्वी नाव पाण्यात घातली. अर्धं शहागड काठावर आल्तं. आबांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि नाव पाण्यात गेल्या-गेल्या प्रत्येक फटीतून पाणी आत यायला लागलं. लोक हसले. पोरांनी मोबाइल काढले. मला वाटलं, आता आबा खाली बसतील, त्यांना कसं उचलायचं. तर ते गुडघाभर पाण्यात उभं राहून हसून राह्यलेले. त्यांनी काठावरचे दगड उचलले आणि एक-एक करून स्वतःच्या हातानं नावेत भरायला लागले. नाव पार बुडाली तेव्हा हात झटकून वर आले आणि म्हणाले, पिऊ द्या आता तिला. म्हातारा आपल्याच नावेत दगड भरून ती बुडवतोय, हा व्हिडिओ त्याच दिवशी अंबडपर्यंत पोचला. खाली लोकांनी काय-काय लिहिलं, ते तुला सांगवत न्हाई.

आता ऐक. आबा काय करून राह्यले, हे त्या गर्दीत दुसऱ्या कुणाला न्हाई, पण मला कळायला पाहिजे होतं. उन्हाळ्यात चाकं वाळून त्यांच्यावरची धाव सैल झाली की गाडी नदीत उभी करायची, हे काम लहानपणी माझंच होतं. तू चाकावर बसून पाय सोडायचीस आणि मी बैल धरून उभा राहायचो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि लोखंडी धाव पुन्हा हलवून हलत न्हाई. आबा नावेला तेच करत होते. मी एक शब्द विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं न्हाई, कारण मला लोकांच्या मोबाइलकडं बघायचं होतं.

त्याच आठवड्यात अक्षताला बघायला जालन्याचे पाहुणे यायचे होते, रविवारी. मुलगा बँकेत आहे, माणसं बरी. शुक्रवारी मुलाच्या मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हसत-हसत विचारलं, तो व्हिडिओ तुमच्या वडिलांचा का, आणि त्यांची तब्येत बरी असते ना. तब्येत म्हणजे डोकं, हे न कळण्याइतका मी भोळा न्हाई. पोरीच्या सोयरिकीत आजोबाच्या डोक्याची चौकशी म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर राह्यला न्हाई. पाहुणे पुलावरून येणार, आणि पुलावरून ती नाव बुडलेली दिसत होती. मी ठरवलं, रविवारच्या आत ती तिथून गेली पाहिजे.

शनिवारी आबा दोर आणि वल्ह्याला लागणाऱ्या कड्या आणायला अंबडला गेल्ते. मी दुपारी शेजारच्या सूरजला त्याच्या ट्रॅक्टरसकट घेऊन नदीवर गेलो. आम्ही दगड काढले, बादलीनं पाणी उपसलं. मंग साखळी बांधली आणि ओढली. काठावर खडक आहे, तुला ठाऊक आहे. पुढची बाजू खडकावर आपटली आणि उभी फाटली. मी थांब म्हणालो न्हाई. मी म्हणालो, ओढ. ट्रॉलीत घातली तेव्हा नाव न्हवती ती, लाकडं होती. ती हॉटेलामागं नेली. तीन-चार दिवस आपल्या चुलीत तीच जळली, आणि डांबरामुळं धूर काळा निघायचा. सोमवारी आबा चहा प्यायला आले, धुराकडं बघून म्हणाले, काय जाळून राह्यला रे. मी म्हणालो, टायरचे तुकडे आहेत. तर म्हणाले, टायर जाळू नको, तुला खोकला आहे.

पण ते नंतरचं. शनिवारी संध्याकाळी आबा अंबडहून आले, पिशवी घरात न ठेवता नदीवर गेले आणि परत येऊन मला म्हणाले, नाव न्हाई. माझी जीभ तयारच होती. म्हणालो, वरून पाणी सोडलं होतं. दगडांचं काय सांगावं हे न सुचून पुढं म्हणालो, तरते का बघायला मी दगड काढले, दोर बांधायचा राहून गेला आणि तेवढ्यात पाण्यानं ओढून नेली. मला वाटलं, आता चिडतील, चिडले असते तर फार बरं झालं असतं. आबांनी मला विचारलं, एखादी फळी सापडली का काठाला? मी म्हणालो, न्हाई. तर माणसाचा चेहरा उजळला. म्हणाले, मंग ती फुटली न्हाई. बुडली पण न्हाई. तरत गेली. वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको गोरख, तू दगड काढलेस म्हणून तरली, मी तर अजून दोन दिवस ठेवणार होतो.

रविवारी पाहुणे आले. मुलगा लाजरा, मान वर करून बोलेना. अक्षताला काय विचारायचं ते विचार, म्हणून सगळे मागं लागले, तेव्हा त्यानं तिला न्हाई, मला विचारलं. म्हणाला, आजोबांची नाव कुठंय, मला बघायची होती. त्यानं तो व्हिडिओ कितीदा पाह्यला होता, आणि त्याला कळलं होतं की आजोबा लाकूड फुगवून राह्यलेत. माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. आबाच बोलले. म्हणाले, ती गेली की वाहत, एक फळी मागं न ठेवता गेली. आणि इतके ताठ बसले होते, इंदे, त्यांच्या आणि मायच्या लग्नाच्या फोटोत बसलेत तसे. सोयरीक जुळली, ते तुला माहीतच आहे. सगळे मला म्हणतात, गोरखभाऊ, नशीब काढलंत. मी पेढे वाटतो.

तेव्हापासून आबा नाव शोधून राह्यलेत. आधी पुलाखालून खालच्या दोन गावांपर्यंत पायी जाऊन आले. मंग गाडीनं पुढं जायचं, काठानं चालायचं, माणसं भेटतील त्यांना विचारायचं, असं सुरू झालं. पाय सुजतात, रात्री शिवकन्या तेल लावून देते, सकाळी पुन्हा तयार. कुणी न्हाई म्हटलं की खट्टू होत न्हाईत, उलट खूश होऊन घरी येतात, की बघा, इथंपण अडकली न्हाई, म्हणजे अजून पुढं गेली. मी म्हणालो, आबा, दुसरी करू आपण, लाकूड मी आणतो. तर म्हणाले, एक तरत असताना दुसरी कशाला? काल त्यांनी हिशेब मांडला, की तुमच्या गावच्या बंधाऱ्याच्या पुढं ती जाणार न्हाई, दरवाजे बंद आहेत, तिथंच कुठं काठाला लागून बसली असणार. म्हणून उद्या तुझ्याकडं. दाजींना सोबत घेऊन बंधाऱ्यावर जायचंय त्यांना. अंबडहून आणलेला दोर त्याच पिशवीत आहे, नाव बांधून ठेवायला.

मी सोबत येतो म्हणालो तर म्हणाले, तू हॉटेल सांभाळ. आणि खरं सांगू, मी जास्त आग्रह केला न्हाई. रोज सकाळी ते निघाले की वाटतं, आज सांगायचं. संध्याकाळी ते एवढे खुशीत परत येतात की माझं तोंड उघडत न्हाई. पहिल्यांदा वाटायचं, चला, म्हाताऱ्याला आनंदच आहे ना, असू दे. पण सुजलेले पाय बघितले की कळतं, हा आनंद मी त्यांना दिलेला न्हाई, त्यांच्याकडून लुटून राह्यलोय. शिवकन्येला काल रात्री सांगितलं. ती उठून चटणी कुटायला बसली आणि म्हणाली, डब्याखाली कागद मावतो.

आबांना आकडे सोडून अक्षर वाचता येत न्हाई, म्हणून त्यांच्याच पिशवीत हे पाठवायची हिंमत झाली. पण लपवण्यासाठी पाठवलेलं न्हाई. बंधाऱ्यावर जाऊ देऊ नको. त्यांना आधी पाणी दे, बसव, आणि हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव, चुलीतलं पण. तुला म्हणायचं असेल की तुझं तोंड कुठं गेलंय, तर ते बराबर आहे, मी दुपारच्या गाडीनं येतोय, समोर उभा राहतो, काय बोलायचं ते बोलून घ्या दोघं. पण एक गोष्ट मी वर लिहिलेली न्हाई. ती सूरज सोडून कुणाला माहीत न्हाई आणि ती आधी आबांच्या कानावर पडली पाहिजे, म्हणून शेवटी ठेवली. आबा, त्या शनिवारी पाणी उपसल्यावर नाव वर आली. साखळी बांधायच्या आधी मी तिच्यात चढून बसलो, माझं एवढं वजन, तरी ती हलली न्हाई. फटींवरून मी हात फिरवला. सूरज काठावरून म्हणाला, भाऊ, ही तर तरून राह्यली. ते बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला राग आला, की आता तुम्ही खरे ठरणार आणि मी तुम्हाला एवढे दिवस हसण्यावारी नेलं ते सगळ्यांना दिसणार. म्हणून मी ओढ म्हणालो. आबा, ती वाहून गेली न्हाई, पण तरली होती. एक थेंबसुद्धा आत आला न्हाई.

तुझाच, आणि आबांनी घरात घेतलं तर त्यांचाही,
गोरख